लाभ, दोन, तीन

सरांकडे गाडी नव्हती, पण हेल्मेट होतं. पांढरं, जाड काचेचं, आणि आतल्या पट्टीवर निळ्या शाईनं त्यांच्या विषयाचं नाव लिहिलेलं: भौतिकशास्त्र. सालेकशाच्या बाजारात वांगी निवडतानाही ते डोक्यावरच असायचं. ज्याच्या मागे बसून सर शाळेतून आलेले असत तो त्यांना बाजारात सोडून पुढे निघून जाई. मग एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पिशवी असताना हेल्मेटला डोक्याशिवाय दुसरी जागा उरत नसे. नवीन माणूस विचारायचा, "सर, गाडी कुठं लावली?"

"ज्याची त्याच्या घरी गेली," सर सांगायचे.

ते राहायचे सालेकशाला आणि शिकवायचे आमगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात. मधला रस्ता थोडा जंगलातून आणि बाकी धानाच्या बांध्यांमधून जाणारा. वीस-बावीस वर्षं सरांनी तो दुसऱ्यांच्या मागच्या सीटवर बसून केला. रेल्वेची सोय नव्हती असं नाही. मी एकदा विचारलंही, तर म्हणाले, "रेल्वेत सोबत भेटते, पन बोलनं होत नाही. सारे मोबाईल पाहून राहतात. तुह्या मांगं बसलो तं तुले ऐकाच लागते."

ते खरं होतं. मी अकरावी-बारावीला त्यांचा विद्यार्थी होतो. पुढे एमएस्सी करून त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा त्यांना नेण्या-आणण्याचा मान माझ्याकडे आला. माझी गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची. सर बसले की मागून भाषण सुरू. वर्गात ते अगदी पुस्तकातली मराठी बोलायचे, 'पदार्थाचे जडत्व' वगैरे; पण गाडी गावाबाहेर पडली की जडत्व गळून पडायचं आणि त्यांची झाडीबोली सुरू व्हायची. समोरून ट्रक आला की ते वाक्याच्या मध्येच थांबायचे आणि ट्रक गेल्यावर नेमक्या त्याच शब्दापासून पुढे बोलायचे. वळण आलं की माझ्या कानाजवळून त्यांचा हात बाहेर निघायचा. माझे दोन्ही इंडिकेटर चालू होते, पण सरांचा विश्वास हातावर.

स्वतःची गाडी का घेत नाही, याचं उत्तर त्यांनी दर वेळी वेगळं दिलं. त्यातलं मला पटलेलं एकच. "चालवनाऱ्याले रस्ता दिसते. मांगच्याले गाव दिसते."

आता ब्यागांबद्दल सांगतो, कारण सरांची खरी विद्वत्ता तिथं होती.

आजकाल प्रत्येक गाडीवाल्याच्या पाठीवर ब्याग असते. माणसं ब्याग घेतात ती समोर धरून, रंग पाहून, कप्पे मोजून. सरांना मात्र ब्याग कळायची छातीनं. वीस वर्षांत किती शिक्षक, ग्रामसेवक, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी यांच्या पाठीवरच्या ब्यागा त्यांच्या बरगड्यांना घासून गेल्या असतील. खड्डा आला की पुढच्याच्या ब्यागेतला डबा, चार्जर, कुलूप, जे काही असेल ते मागच्याच्या छातीत जातं. त्यातून त्यांनी प्रात्यक्षिक परीक्षेसारखी गुणपद्धत बसवली होती. तीसपैकी गुण. बक्कल बाहेरून असेल तर पाच वजा. पट्टा लोंबत असेल तर आणखी पाच, कारण तो चाकात जातो. खांद्याच्या बाहेर पसरणारी ब्याग वाऱ्याला आडवी येते, तिला नापासच करायचे.

"आज डब्यात भाजी पातळ हाय," असंही ते मागून सांगायचे. विचारलं तर म्हणायचे, "डुचमळून राहिली ना."

माझ्या ब्यागेला त्यांनी तीसपैकी अकरा दिले होते. ती कुठल्यातरी चर्चासत्रात फुकट मिळालेली, पाण्यात टाकली तर पाणी पिणारी. एका जुलैत आम्ही चाचणीच्या उत्तरपत्रिका घेऊन परत येत होतो आणि जंगलाच्या पट्ट्यात पावसानं गाठलं. थांबायला झाडाशिवाय काही नव्हतं. सरांनी स्वतःचा रेनकोट काढला, पुढे वाकून माझ्या ब्यागेभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी ती पोटाशी धरून बसले. घरी पोचलो तेव्हा साठ उत्तरपत्रिका कोरड्या होत्या आणि सर असे दिसत होते की त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्यांना अंगणातच थांबवलं.

"तुमाले सर्दी होईन ना," मी म्हणालो.

"पोरायचे मार्क भिजले असते तं? सर्दी जाते. मार्क जात नाही," सर म्हणाले.

सरांची आणखी एक सवय सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. ते कधी 'एक' म्हणायचे नाहीत.

आमच्याकडे धान पायलीनं मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्यालाच एक म्हटलं तर धान एकच राहतं, वाढत नाही, अशी समजूत. खळ्यावर सगळेच असं मोजतात, पण खळ्याबाहेर आलं की विसरतात. सर विसरले नाहीत. पायऱ्या चढताना लाभ, दोन, तीन. प्रयोगशाळेत लंबकाची आंदोलनं मोजताना लाभ, दोन, तीन. विज्ञानाचा माणूस असं का करतो, असं मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "उत्तर चुकते का? नाही ना. मंग त्यात विज्ञानाचं काय गेलं?"

हजेरीही ते तशीच घ्यायचे. अकरावीत माझा हजेरी क्रमांक पहिला होता. वर्गात आले की चष्मा पुसून पहिली हाक: "लाभ."

मी म्हणायचो, "उपस्थित, सर."

माझ्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आई तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलात जायची, बाकीचे दिवस रोवण्याला, निंदणाला. आमच्या घरातल्या पोरानं शिकून कुणाचा काही लाभ होईल, असं तेव्हा कोणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. सर मात्र रोज सकाळी साठ पोरांसमोर मला तेच म्हणायचे. त्यांना काही अभिप्रेत नसेल. माझं आडनाव अक्षराप्रमाणे वर आलं, एवढंच. पण ते नाव राहिलं. मी शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हाही शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ओळख करून दिली, "हा आपला लाभ."

तर, हैदराबादच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत धानाचं बी तपासायची जागा निघाली. जागा एकच. मी अर्ज केला आणि विसरलो. चार महिन्यांनी मुलाखतीचं पत्र आलं, सोबत गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून हैदराबादचं विमानाचं तिकीट. तिकिटावर लिहिलं होतं की सोबत फक्त हातातलं सामान नेता येईल, सात किलो. पत्रात ठळक अक्षरांत होतं की सर्व मूळ कागदपत्रं दाखवल्याशिवाय मुलाखत होणार नाही.

तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. तास झाला तर तुम्ही शिक्षक, सुट्टी लागली की कोणी नाही. माझं वय तिशीकडे चाललं होतं. ही जागा मिळाली तर आईचं जंगलात जाणं थांबणार होतं. सरांना मी पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "ब्याग कोनती नेशीन?"

"हीच."

"अकरा मार्कवाली?"

मी ब्यागेचा लोंबता पट्टा आत खोचला.

"हे पाय. सालेकशाहून बिरसीपरेंत गाडीवर जाशीन. तिथून हैदराबादपरेंत विमानात. ब्याग दोन्हीकडची पायजे. गाडीवर पाठीले चिपकन अशी आन विमानात वरच्या फळीवर घुसन अशी. आन कागदं आहेत तं पाऊस बी आलाच." मग म्हणाले, "आन मी मांगं बसून येनार आहो, तं माही बी छाती आहे."

सर कधी विमानात बसले नव्हते. पण बिरसीच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. त्याला फोन करून त्यांनी विमानातल्या फळीची उंची विचारली. तो म्हणाला, सर, लहान विमान आहे, पंख्याचं, फळी ठेंगणीच आहे. "ठेंगणी म्हणजे किती सेंटीमीटर?" वर्गातली मराठी परत आली. तो पोरगा दुसऱ्या दिवशी वीत लावून मोजून आला, आणि मग सरांनी त्याची वीत किती सेंटीमीटर आहे ते विचारलं.

शेवटी तिकिटावरचीच मापं धरायची ठरली. पंचावन्न, पस्तीस, पंचवीस. सरांनी बांबूच्या कामट्या तासून, सुतळीनं बांधून बरोबर त्या मापाचा एक सांगाडा केला. रविवारी आम्ही गोंदियाला निघालो. मी पुढे, सर मागे, त्यांच्या डोक्यावर हेल्मेट आणि दंडात अडकवलेला तो सांगाडा.

पहिल्या दुकानदारानं पाहताच विचारलं, "गुरुजी, तोता पाल रहे हो क्या?"

"नहीं. ये हवाई जहाज का पेट है," सर म्हणाले. "तुम्हारी कौनसी बॅग इसमें जाती है, बताओ."

दुकानदाराला आधी गंमत वाटली. एकामागून एक ब्यागा सांगाड्यात जाऊ लागल्या, अडकू लागल्या, तेव्हा तो जरा गंभीर झाला. एक कडक पाठीची ब्याग होती, कासवासारखी. दुकानदार म्हणाला, बाईकवाले लडके यही ले जाते हैं. सर म्हणाले, "भरली नाही तरी येवढीच. फळीवर दबन कशी?" दुसरी चाळीस लिटरची, प्रवासाची, पट्टेच पट्टे. "ये क्या दूध लाने की है?" तिसरी सांगाड्यात बरोबर बसली, मलाही आवडली, निळी होती. सरांनी ती माझ्या पाठीवर चढवली, दुकानातली दोन स्टुलं एकामागे एक ठेवली, मला पुढच्यावर बसवलं आणि स्वतः मागे बसले. मग मला म्हणाले, "खड्डा."

मी स्टुलावरच थोडा उसळलो.

"अजून."

दुकानात एक बाई मुलीसाठी दप्तर घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भैया, धीरे चलाओ, पीछे बुजुर्ग बैठे हैं." सगळे हसले. सरही हसले, पण उठले आणि ब्यागेच्या बाहेरच्या अंगावरचं धातूचं बक्कल दाखवून म्हणाले, "ये देखो. पाच मार्क गेले."

चौथ्या दुकानात ती मिळाली. मातकट रंगाची, कोणी वळून पाहणार नाही अशी. बाहेरचं अंग सपाट, सगळे पट्टे आत दुमडणारे. छातीवर एक पट्टा आणि कमरेला एक, म्हणजे गाडीवर वजन खांद्यावरून सरकत नाही. सुटकेससारखी पूर्ण उघडणारी, पाठीच्या बाजूला कागदांसाठी वेगळा कप्पा, खालच्या खिशात पावसाचं कव्हर. रिकामी उचलली तर हलकी. "सात किलोत ब्यागेचं बी वजन धरतात," सर म्हणाले, "बैलापेक्षा बंडी जड नोको." स्टुलांची सोय तिथं नव्हती, म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड करून मला उभं केलं आणि मागून छाती टेकून बराच वेळ उभे राहिले.

"सत्तावीस," ते म्हणाले. वीस वर्षांतला सगळ्यात जास्त आकडा होता तो.

ब्यागेवर लिहिलं होतं, तीस लिटर. ते सरांना मान्य नव्हतं. लिटर हे पाण्याचं माप. ब्यागेत पाणी भरून मोजता येत नाही. मग यांनी मोजलं कशानं? संध्याकाळी त्यांच्या अंगणात काकूंनी धानाचं पोतं आणि पायली आणली. ती पायली सरांनी पूर्वीच पाण्याच्या बाटलीनं मोजून तिच्यावर खडूनं 'चार लि.' लिहून ठेवलं होतं. मी ब्याग उघडी धरली आणि काकू धान ओतू लागल्या. लाभ. दोन. तीन. त्यांचा आवाज अगदी खळ्यावरचा. सात पायल्यांना ब्याग भरली.

"अठ्ठावीस लिटर," सर म्हणाले. "दोन लिटर कंपनीच्याच घरी राहिले." त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

"नव्या ब्यागेत पैलं धान पडलं, बरं झालं," काकू म्हणाल्या. धान परत पोत्यात ओतलं, ब्याग उलटी करून झटकली. तरी शिवणीत दाणे राहिलेच.

निघायच्या आदल्या दिवशी किराणा दुकानाच्या काट्यावर ब्याग तोलली. सात किलो चारशे. सरांनी तिथंच कट्ट्यावर ब्याग उघडली. जादा बूट काढले. आईनं दिलेला स्टीलचा डबा काढून लाडू कापडात बांधले. मग कागदांची फाईल बाहेर काढून वेगळी तोलली. दहावीपासून एमएस्सीपर्यंतच्या गुणपत्रिका, पदव्या, दाखले, जातीचं प्रमाणपत्र, सगळं त्यात होतं. सहाशे ग्रॅम.

"सारं शिक्षण सहाशे ग्राम," सर म्हणाले, "आन बूट नऊशे."

सगळं मिळून सहा किलो दोनशे झालं. सरांनी एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागच्या बाजूला यादी लिहून दिली. "सकारी भरतानी एकेकावर खूण कर." मी ब्याग पाठीवर घेतली, फाईल हातात धरून घरी आलो. आईनं ती माझ्या हातून घेतली आणि देवापुढे ठेवली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण उदबत्ती लावून ती बराच वेळ तिच्यासमोर बसली होती.

सकाळी मी यादी घेऊन बसलो. सरांचं सुरेख अक्षर. अगदी वर मधोमध लिहिलं होतं: लाभ. त्याखाली, दोन: शर्ट. तीन: पँट. चार: टॉवेल. असं करत नऊपर्यंत. वरचा शब्द वाचून मला बरं वाटलं. सरांनी मला नावानं हाक मारून यादी लिहिली होती. दोनपासून नऊपर्यंत मी सगळ्यावर खुणा केल्या, ब्याग बंद केली, छातीचा पट्टा लावला, आईच्या पाया पडलो.

विमान दुपारचं होतं. सरांना त्यांच्या दारातून घेतलं. हेल्मेट घालून ते बसले, आणि गावाबाहेर पडताच बोलायला लागतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते बोलले नाहीत. पाच-सहा किलोमीटर गेलो. एक खड्डा आला. दुसरा आला.

"थांब," सर म्हणाले.

मला वाटलं चक्कर आली. गाडी बाजूला घेतली.

"ब्याग नरम लागून राहिली."

"नवी आहे ना सर."

"काल कट्ट्यावर मी पाठीवर हात ठेवून पायलं होतं. मधात एक कडक पाटी लागे. आज खड्ड्यात दबून राहिली, उशीवानी. लाभ कुठं आहे?"

"मी इथंच आहे ना सर."

"तू नाही गा. लाभ. पैली वस्तू. कागदं."

मला अजूनही कळलं नव्हतं. मी खिशातून यादी काढून दाखवली. "सर, यादीत कागदं नाहीत. दोनपासून सुरू आहे."

"काऊन नाहीत? हे काय लिवलं आहे वर?"

"लाभ. मला वाटलं, माझं नाव लिहिलं."

सर माझ्याकडे पाहत राहिले, मग यादीकडे. बारा वर्षं त्यांनी मला ज्या शब्दानं हाक मारली, त्याच शब्दापायी मी माझी सगळी कागदपत्रं देवापुढे ठेवून आलो होतो. पहिल्या वस्तूचा आकडा ते लिहीत नसत हे मला माहीत होतं. पण कागदांसारख्या वस्तूचं नावसुद्धा लिहायची गरज नाही, ती आपली पहिली असणारच, असं ते धरून चालले होते.

"पोरा," ते हळू म्हणाले, "पैल्याचं नाव घ्याचं नसते म्हनून लिवलं नाही. तुयं नाव कायले लिवीन मी? तू काय ब्यागेत जाशीन?"

मी यादी खिशात टाकली. घड्याळ पाहिलं. परत जाऊन यायचं म्हणजे बारा किलोमीटर जादा, आणि पुढे बिरसी गाठायची. सरांनी माझ्या छातीचा पट्टा सोडला, ब्याग काढून घेतली. "मी उतरतो. ब्याग माह्यापाशी ठेव. एकटा जा, लवकर होईन. पन पडू नोको."

मी गेलो. गावाच्या वळणावर आई उभी होती. पदराखाली फाईल धरून, रस्त्याकडे तोंड करून. तिनं किती फोन केले होते ते नंतर कळलं. मोबाईल ब्यागेत होता. तिनं फाईल दिली आणि एवढंच म्हणाली, "देवानं पाहिली, आता त्यायले दाखव."

परत आलो तर ज्या ठिकाणी सरांना सोडलं होतं तिथं सर नव्हते. तसाच पुढे गेलो, आणि एक-दीड किलोमीटरवर दिसले. रस्त्याच्या कडेनं बिरसीच्या दिशेनं चालत होते. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर माझी ब्याग, छातीचा आणि कमरेचा असे दोन्ही पट्टे नीट लावलेले. उन्हात पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. मागून पाहिलं तर शाळेत निघालेला एखादा मोठा मुलगा वाटत होता. ब्यागेला मागूनच ओळखणाऱ्या माणसाच्या पाठीवर मी पहिल्यांदा ब्याग पाहिली.

"सर, उन्हात कशाला चालत आलात?"

"उभा राहून काय करू? तेवढंच तुयं अंतर कमी." ब्याग उतरवताना थोडे थांबले. "पुढून बी बरी आहे. अठ्ठावीस देतो."

फाईल पाठीच्या कप्प्यात गेली. सर मागे बसले, छाती टेकली, आणि म्हणाले, "हं. आता लाभ लागून राहिला. चाल." त्यानंतर बिरसीपर्यंत ते एक क्षणही थांबले नाहीत. जडत्व, विमानाचे पंखे, काकूंचं गुडघेदुखीचं औषध, कामठा गावच्या पेढ्याची चव, सगळं बोलून झालं. मी घाबरलो होतो हे त्यांना कळत होतं. त्यांच्या बोलण्यात मला उत्तर द्यायची गरज नसायची, हे त्या दिवशी फार उपयोगी पडलं.

विमानतळाच्या दारापर्यंत ते आले. त्यांचा तो वीत लावणारा विद्यार्थी भेटायला आला होता. संध्याकाळी त्याच्याच मागे बसून ते परत गेले. माझी गाडी तिथंच उभी राहिली. आत तपासणीच्या जागी जवानानं ब्याग उघडायला लावली. सुटकेससारखी सगळी उघडली, आणि शिवणीतले चार-पाच दाणे ट्रेमध्ये पडले.

"ये क्या है?"

"धान है, साहब."

"बॅग में धान?"

"नापा था. कितनी पायली बैठती है देखने के लिए."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं. "हमारे यहाँ भी नापते हैं," तो म्हणाला आणि दाणे उचलून माझ्या हातावर ठेवले. ते मी शर्टाच्या खिशात टाकले. ब्याग वरच्या ठेंगण्या फळीत एकाच ढकलण्यात गेली, तेव्हा मला वाटलं, सर हवे होते.

मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. कागदं तपासणाऱ्या बाईंनी एकेक मूळ प्रत काढून पाहिली, परत ठेवली. आत तीन जण होते. काय विचारलं, काय सांगितलं, ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की खिशातले दाणे मला चाचपता येत होते आणि मी फारसा अडखळलो नाही. दुपारी चार वाजता त्यांनी बाहेर येऊन निकाल सांगितला.

मी जिन्याखाली जाऊन आधी आईला फोन केला. ती रडली, मग म्हणाली सरांना सांग. मी सरांना लावला. तिकडे गाडीचा आवाज येत होता; कोणाच्या तरी मागे बसून ते शाळेतून परतत होते.

"सर, झालं माझं."

एक ट्रक गेला असावा. ते थांबले.

"किती जागा होत्या म्हनलं होतं तू?"

"एक, सर."

"एक नोको म्हनू," सर म्हणाले. "परत सांग. किती?"

जिन्याखाली कोणी नव्हतं. तरी मी वर्गात असल्यासारखा सरळ उभा राहिलो.

"लाभ, सर."

"हं," ते म्हणाले. "उपस्थित."